पॅन्क्रियाटायटिस झाला, घरी आलो, आता पुढं काय? स्वादुपिंड, साखर, पचन, किडनी… कोणता अवयव कधी सावरतो, वाचा सविस्तर

कसबा पेठ (पुणे) : पोटात असह्य दुखलं, उलट्या थांबेनात, तालुक्याच्या दवाखान्यातून पुण्याला पाठवलं, आठ-पंधरा दिवस आयसीयूत काढले आणि पेशंट घरी आला. गावातली माणसं भेटायला येतात, "वाचला बाबा" म्हणतात आणि विषय संपतो. फाईल कपाटात जाते. खरं तर स्वादुपिंडाच्या आजाराचा दुसरा भाग इथूनच सुरू होतो.

कसबा पेठेच्या आसपासच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये रास्ता पेठेतले केईएम, मंगळवार पेठेतले महापालिकेचे कमला नेहरू आणि स्टेशनजवळचे सरकारी ससून ही मोठी रुग्णालये आहेत. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरपासून भोर, पुरंदर, दौंड, इंदापूरपर्यंतचे पेशंट या भागात येतात. उपचार घेऊन घरी गेल्यावर मात्र पुढची एक-दोन वर्षे काय तपासायचे, कशाकडे लक्ष द्यायचे, याची माहिती अनेकांना नसते. ती एका जागी मिळावी म्हणून हा लेख.

स्वादुपिंड म्हणजे काय आणि ते करते काय?

जठराच्या मागे, पोटात आडवी बसलेली साधारण १५ सेंटिमीटर लांबीची ग्रंथी म्हणजे स्वादुपिंड. डॉक्टर त्याला पॅन्क्रियाज म्हणतात. त्याची कामे दोन.

पहिले काम पचनाचे. दिवसाला सुमारे दीड लिटरपर्यंत पाचक रस हे तयार करते. तेल-तूप, डाळ-मटण, भाकरी-भात हे सगळे फोडून अंगी लावायचे काम हा रस करतो. दुसरे काम साखरेचे. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचे छोटे पुंजके याच ग्रंथीत विखुरलेले असतात. ते सगळे मिळून ग्रंथीच्या वजनाच्या एक-दोन टक्केच भरतात, पण रक्तातली साखर त्यांच्याच हातात असते.

पाचक रस आतड्यात पोहोचल्यावर कामाला लागला पाहिजे. तो ग्रंथीतच जागा झाला तर स्वतःच्याच मांसाला खायला लागतो. यालाच अॅक्यूट पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाचा अचानक होणारा दाह म्हणतात.

कशामुळे होतो?

सर्वात मोठी दोन कारणे म्हणजे पित्ताशयातले खडे आणि दारू. त्यानंतर रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी फार वाढणे. ती १००० च्या पुढे गेली की धोका जास्त. रक्तात कॅल्शियम वाढणे, काही औषधे, गालगुंड, पित्तनळीत शिरलेला जंत हीही कारणे आहेत. शेतकऱ्यांनी लक्षात ठेवावे असे एक कारण आहे. ऑर्गेनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची विषबाधा झाली तर त्यातूनही स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. फवारणीनंतर विषबाधा होऊन पोटात जोरात दुखत असेल, तर हे डॉक्टरांना सांगायलाच हवे.

तुमचा अॅटॅक कोणत्या प्रकारचा होता?

पुढे किती सावरणार हे बरेचसे यावर ठरते. डिस्चार्ज कार्डवर तीनपैकी एक शब्द बघा. २०१२ मध्ये जगभरातल्या डॉक्टरांनी ठरवलेली ही विभागणी आहे.

सौम्य (माइल्ड) : कुठलाही अवयव बंद पडला नाही, स्वादुपिंडाभोवती पाणी साचले नाही, काही भाग मेला नाही. बहुतेक पेशंट याच गटातले. आठवड्याभरात घरी जातात.

मध्यम गंभीर (मॉडरेटली सिव्हिअर) : किडनी, फुप्फुस किंवा रक्तदाब बिघडला पण ४८ तासांच्या आत सावरला, किंवा पोटात पाणी साचणे, ग्रंथीचा भाग मरणे अशी गुंतागुंत झाली.

गंभीर (सिव्हिअर) : एखादा किंवा जास्त अवयव ४८ तासांपेक्षा अधिक काळ बिघडलेला राहिला. जिवाला खरा धोका याच गटात.

सिटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये 'नेक्रोसिस' हा शब्द असेल तर त्याचा अर्थ ग्रंथीचा काही भाग मेला. साधी सूज उतरली की ग्रंथी बरीच पूर्ववत होते. मेलेला भाग मात्र परत उगवत नाही. उरलेल्या भागावर काम चालवावे लागते.

किडनी, फुप्फुस आणि अंगातली ताकद

या आजारात अंगभर दाह पसरतो, रक्तवाहिन्यांतले पाणी बाहेर झिरपते आणि रक्तदाब पडतो. म्हणून पोटाचा आजार असूनही किडनी आणि फुप्फुसे आधी कोलमडतात.

किडनी : लघवी कमी झाली, क्रिएटिनिन वाढले, काहींना डायलिसिस लागले, तरी अनेकांची किडनी दिवसांत किंवा आठवड्यांत पुन्हा सुरू होते. पण एकदा मार खाल्लेल्या किडनीवर लक्ष ठेवावे लागते. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतले प्रोटीन तपासायचे, हा नियम. अंगदुखीसाठी मेडिकलमधून आपल्या मनाने डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या घेऊ नयेत. किडनीवर त्यांचाच भार पडतो.

फुप्फुस : ज्यांना ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागला त्यांना घरी आल्यावरही जिना चढताना धाप लागते. फुप्फुसे हळूहळू, सहा महिने ते वर्षभरात बरीच सावरतात. रोज थोडे चालणे आणि श्वासाचे व्यायाम याचा उपयोग होतो. बिडी-सिगारेट सुटली नाही तर हे सावरणे अडते. बिडी-सिगारेट स्वादुपिंडालाही वेगळे नुकसान करते.

ताकद : आयसीयूत पडून राहिल्याने मांड्या-दंड वितळतात. हातपाय थरथरणे, झोप न लागणे, मन उदास राहणे, विसरायला होणे हे अनेकांना महिनोन् महिने होते. "नाटकं करतो", "आळशी झालाय" असे घरच्यांनी म्हणू नये. हा आजाराचाच भाग आहे. शेतातले जड काम, पोती उचलणे हे डॉक्टरांना विचारूनच सुरू करावे.

पचन : संडासचा रंग-वास लाजून लपवू नका

स्वादुपिंडाची राखीव ताकद मोठी असते. पाचक रसाची क्षमता नव्वद टक्क्यांच्या आसपास घटेपर्यंत तेलकट संडास दिसत नाही. म्हणजे लक्षण दिसते तेव्हा नुकसान बरेच झालेले असते.

लक्षणे अशी : संडास फिकट, चिकट, तेलकट, फार वास येणारी, पाणी ओतूनही भांड्याला चिकटून राहणारी किंवा वर तरंगणारी. पोट फुगणे, गॅस. जेवण चांगले असूनही वजन उतरणे. चरबी पचत नसल्याने अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे अंगी लागत नाहीत. त्यातून हाडे ठिसूळ होतात आणि रातांधळेपणाही येऊ शकतो.

वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये मांडलेला हिशेब असा : दवाखान्यात असताना सुमारे ६२ टक्के पेशंटमध्ये पाचक रस कमी आढळला. पुढच्या तपासण्यांत हे प्रमाण ३५ टक्क्यांवर आले. म्हणजे बऱ्याच जणांचे पचन सावरते, पण साधारण तिघांतल्या एकाची कमतरता मागे राहते. दारूमुळे झालेला आणि गंभीर अॅटॅक असलेल्यांत ती जास्त.

तपासणी सोपी आहे. संडासच्या छोट्या नमुन्यावर 'फीकल इलास्टेज' तपासतात. आकडा २०० च्या खाली असेल तर कमतरता, १०० च्या खाली असेल तर मोठी कमतरता. पातळ जुलाब होत असताना दिलेल्या नमुन्यात आकडा खोटा कमी येऊ शकतो, हे लॅबवाल्याला सांगा.

उपाय म्हणजे पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल. त्या घेण्याची पद्धत चुकली तर पैसे वाया जातात.

- कॅप्सूल जेवणासोबतच घ्यायची, पहिल्या घासाबरोबर. दोन-तीन असतील तर एक सुरुवातीला, बाकी जेवणाच्या मध्ये. जेवणानंतर तासाभराने घेतली तर उपयोग नाही.
- चावायची नाही. चहात किंवा गरम दुधात टाकायची नाही.
- फराळ, दूध, नाश्ता यांच्याबरोबरही लागते. डोस डॉक्टर ठरवतील.
- या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. ज्यांना धार्मिक कारणाने किंवा शाकाहारामुळे अडचण वाटते त्यांनी गुपचूप बंद करण्यापेक्षा डॉक्टरांशी मोकळेपणी बोलावे.

साखर : सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथं होतं

अॅटॅकच्या आधी साखर नव्हती, म्हणून नंतरही येणार नाही असे नाही. २०१४ मध्ये २४ अभ्यासांतील ११०० हून अधिक पेशंटची माहिती एकत्र केली गेली. पहिल्या अॅटॅकनंतर वर्षभरात सुमारे १५ टक्के जणांना नव्याने मधुमेह झाला होता, आणि पाच वर्षांनी हा धोका दुपटीहून जास्त झाला. आणखी महत्त्वाची गोष्ट म्हणजे अॅटॅक सौम्य होता की गंभीर, याने फारसा फरक पडला नाही. "माझा तर साधाच होता" म्हणून साखर न तपासणे चुकीचे आहे.

हा मधुमेह नेहमीच्या मधुमेहापेक्षा वेगळा असतो. डॉक्टर त्याला 'टाइप ३ सी' म्हणतात. यात इन्सुलिन तर कमी पडतेच, पण साखर खाली गेली की ती वर आणणारे ग्लुकॅगॉन हे संप्रेरकही कमी पडू शकते. त्यामुळे साखर कधी ४०० तर कधी एकदम ६०, असा झोका बसतो. इन्सुलिन घेऊन जेवण टाळले किंवा दारू प्यायली, तर साखर पडून बेशुद्धी येऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, थेट १०८ ला फोन करावा.

मधुमेहाची काही नवी औषधे स्वादुपिंडाचा दाह होऊन गेलेल्यांना टाळली जातात. म्हणून साखरेच्या कुठल्याही डॉक्टरांकडे गेल्यावर पहिले वाक्य हेच असावे : "मला पॅन्क्रियाटायटिस होऊन गेलाय."

पुण्यातले संशोधन काय सांगते?

स्वादुपिंड आणि साखर यांच्या नात्यावर पुण्यात जुने काम आहे. १९१२ साली सुरू झालेल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वादुपिंडात खडे होऊन येणाऱ्या मधुमेहाचा अभ्यास केला. हा दीर्घकालीन आजार आहे. तो अचानक येणाऱ्या अॅटॅकपेक्षा वेगळा, पण धडा एकच : ग्रंथी खराब झाली की पचन आणि साखर दोन्ही बिघडतात.

याज्ञिक यांच्याच पुढाकाराने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू झाला. आपल्याकडची बाळे वजनाने कमी, पण त्या मानाने चरबीने जास्त असतात, हे त्यातून जगापुढे आले. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसालाही मधुमेह होतो, त्यामागचे हे एक कारण मानले जाते. "मी तर काडीसारखा, मला कुठली साखर?" हा समज म्हणूनच धोक्याचा. स्वादुपिंडाच्या अॅटॅकनंतर तर वजन उतरणे हेच साखरेचे किंवा पचन बिघडल्याचे लक्षण असू शकते.

पोटात साचलेलं पाणी

अॅटॅकनंतर स्वादुपिंडाभोवती पाणी साचते. चार आठवड्यांनी त्याभोवती भिंत तयार होते. रिपोर्टमध्ये 'स्यूडोसिस्ट' किंवा 'वॉल्ड ऑफ नेक्रोसिस' असे लिहिलेले असते. त्रास नसेल तर अनेकदा ते आपोआप जिरते, फक्त सोनोग्राफी किंवा स्कॅनने लक्ष ठेवतात. ताप, जेवण न जाणे, दुखणे, कावीळ असेल तर दुर्बिणीतून नळी टाकून ते काढतात. काहींच्या प्लीहेच्या रक्तवाहिनीत गुठळी होते. काळी संडास किंवा रक्ताची उलटी झाली तर घरी थांबायचे नाही.

दुसरा अॅटॅक येऊ द्यायचा नाही

पहिल्या अॅटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला तो पुन्हा येतो आणि दहातल्या एकाला कायमचा, म्हणजे क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस होतो. प्रत्येक नवा अॅटॅक उरलेल्या ग्रंथीतला तुकडा घेऊन जातो. अवयव सावरण्याचे सर्वात मोठे औषध म्हणजे मूळ कारण काढणे.

पित्ताचे खडे : सौम्य अॅटॅक खड्यांमुळे असेल तर पित्ताशय त्याच भरतीत काढणे चांगले. नेदरलँड्समधल्या २०१५ च्या चाचणीत त्याच भरतीत ऑपरेशन झालेल्यांपैकी ५ टक्के जणांना खड्यांचा गंभीर त्रास पुन्हा झाला. महिनाभराने ऑपरेशन ठरलेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. "सुगी झाल्यावर बघू", "लग्नसराई उरकू दे" म्हणून ऑपरेशन पुढे ढकलणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा. गंभीर अॅटॅकमध्ये मात्र सूज आणि पाणी उतरेपर्यंत डॉक्टरच थांबायला सांगतात. झाडपाल्याने खडे विरघळवण्याच्या नादात वेळ घालवू नये.

दारू : कमी नाही, पूर्ण बंद. देशी, विदेशी, हातभट्टी, बिअर सगळे एकच. फिनलंडमधल्या एका चाचणीत दर सहा महिन्यांनी बोलावून समुपदेशन केलेल्यांपैकी दोन वर्षांत ८ टक्के जणांना पुन्हा अॅटॅक आला. फक्त एकदाच समजावलेल्यांत हे प्रमाण २१ टक्के होते. म्हणजे "सोड" असे एकदा सांगून भागत नाही, पाठपुरावा लागतो. रोज पिणाऱ्याने अचानक सोडली तर थरकाप, भ्रम, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र येरवड्यात आहे. अनेक गावांत-शहरांत अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मराठी सभाही होतात.

ट्रायग्लिसराइड : हा आकडा कायम ५०० च्या खाली हवा. गोळ्या मधेच बंद करू नयेत.

जेवण कसं असावं?

"आता आयुष्यभर पेज" असे काही नाही. एकदम दोन मोठी जेवणे करण्यापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे. भाकरी, मऊ भात, मुगाचे वरण, ताक, दही, शिजवलेली भाजी, अंडी, मासे, कमी तेलातले चिकन चालते. प्रोटीन पुरेसे हवे, नाहीतर झिजलेले स्नायू भरून येत नाहीत. भजी, वडापाव, तर्रीवाली मिसळ, तेलाचा तवंग असलेला रस्सा सुरुवातीचे काही महिने दूर ठेवावा. पण तेल-तूप पूर्ण बंद करून वजन घटवणेही चुकीचे. एन्झाइम कॅप्सूल चालू असतील तर माफक स्निग्ध पदार्थ पचतात. कडक उपास टाळावेत, इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच. दर पंधरा दिवसांनी वजन करून वहीत लिहावे. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात वजनकाटा मिळतो.

फेरतपासणीचं वेळापत्रक : मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा

२ ते ४ आठवडे : पहिली भेट. जेवण, वजन, साखर, क्रिएटिनिन. खड्यांचे ऑपरेशन राहिले असेल तर तारीख पक्की करणे.

३ महिने : उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची साखर), क्रिएटिनिन, लघवीतले प्रोटीन, ट्रायग्लिसराइड. संडास तेलकट असेल किंवा वजन उतरत असेल तर फीकल इलास्टेज. पाणी साचले असेल तर सोनोग्राफी किंवा स्कॅन.

६ महिने आणि १ वर्ष : साखर, वजन, पचन, गरजेनुसार ड जीवनसत्त्व. दारू-बिडीबद्दल खरे उत्तर.

त्यानंतर : दरवर्षी किमान एकदा साखर, कायमची.

यातल्या साखर, क्रिएटिनिन, लघवी या तपासण्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात होऊ शकतात. प्रत्येक वेळी पुण्याला जायची गरज नाही. पुण्याला जाताना मात्र डिस्चार्ज कार्ड, स्कॅनची सीडी आणि जुने रिपोर्ट बरोबर न्यावेत. नाहीतर महागडी तपासणी पुन्हा करावी लागते. सगळ्या कागदांचे फोटो काढून घरातल्या दोन मोबाईलमध्ये ठेवावेत. स्वारगेटला एसटीने उतरणाऱ्यांना सप्टेंबर २०२४ पासून मेट्रोने मंडई, कसबा पेठ असे पुढे जाता येते.

खर्चाचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या एकत्रित योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. मात्र योजनेतल्या रुग्णालयात आणि योजनेत बसणाऱ्या उपचारांनाच ते लागू होते. भरती होतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. बिल भरून झाल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही. माहितीसाठी टोल फ्री क्रमांक १५५३८८. एन्झाइम कॅप्सूलचा महिन्याचा खर्च जड जात असेल तर बंद करण्याआधी डॉक्टरांना सांगा. स्वस्त पर्याय किंवा सरकारी रुग्णालयातून मिळण्याची शक्यता विचारा.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

- पोटाच्या वरच्या भागात जोरात दुखून पाठीत कळ जाणे, सतत उलट्या
- थंडी वाजून ताप
- डोळे, लघवी पिवळी होणे
- रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी संडास
- लघवी खूप कमी होणे, धाप लागणे
- खूप तहान, सारखी लघवी, गुंगी

अशा वेळी "गॅस झाला असेल" म्हणून सोडा पिणे, पोट चोळणे, इंजेक्शन घेऊन घरी थांबणे यात तास वाया जातात. १०८ वर फोन करा आणि आधी होऊन गेलेला आजार पहिल्याच वाक्यात सांगा.

सौम्य अॅटॅक येऊन गेलेले बहुतेक जण काही आठवड्यांत कामाला लागतात. गंभीर अॅटॅकमधून वाचलेल्यांना वर्ष लागू शकते, काहींना साखरेचे किंवा पचनाचे औषध कायमचे घ्यावे लागते, पण औषध नीट घेतले तर शेती, नोकरी, संसार सगळे होते. घरात कुणाला हा आजार होऊन गेला असेल तर आज कपाटातली फाईल काढून एवढेच बघा : शेवटची साखर कधी तपासली होती? तीन महिन्यांवर गेली असेल आणि पुढची तारीख ठरलेली नसेल, तर याच आठवड्यात जवळच्या दवाखान्यात जा. औषधांचा डोस मात्र लेख वाचून नव्हे, आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदला.